मृगातलं कार्टं

१९ नोव्हेंबर १९५४
पाच महिन्यांनी दुर्बीण मिठागरातल्या जोमाच्या खोपटातून बाहेर काढली. नळीत पालीची अंडी. आरशावर गेल्या आठवड्यात नवी चांदी चढवली ती बरी बसलेली दिसते, निदान दिवसाउजेडी तरी. बाळकुमच्या बांधावर वारा होता. साडेनऊला मृग पुरेसा वर आला. लेक सुधा नोंदवही घेऊन स्टुलावर, सायकलच्या दिव्याला तांबडा कागद.

दहावी वही आज सुरू. पहिल्या साडेतीन थोरल्या लेकाच्या, वसंताच्या अक्षरात, पाचवीपासून सगळ्या सुधाच्या.

आपला तारा, कार्टं, सापडलं. तेजाची प्रत १०.४. शेजारचे दोन तारे जरा मंद वाटले. खाडीवर धूळ असणार.

२० नोव्हेंबर
मी आकडा सांगायच्या आत सुधा म्हणाली, "अण्णा, काल तर..." तिथेच तिला गप्प केलं. कालचा आकडा आज उच्चारायचा नाही. मी दोन शेजारी बघतो, एक कार्ट्याहून तेजस्वी, एक मंद. त्यांच्या तेजाच्या प्रती नकाशावर छापलेल्या आहेत. कार्टं त्या दोघांच्या मधे कुठे बसतं ते ठरवतो आणि आकडा बोलतो. तिने लिहायचा. बस. नऊ वर्षं हेच चाललंय.

वसंताची खोड मोडायला चार हंगाम गेले होते. मी आकडा सांगितला की हा स्वतः डोळा लावून बघायचा आणि माझ्या आकड्याशेजारी पेन्सिलीने आपला लिहायचा. खोडरबर हातात देऊन सगळे खोडायला लावले, समोर बसवून. दोन आकडे शेजारी शेजारी राहिले की एक दुसऱ्याकडे सरकतो. त्यात ताऱ्याचा दोष नसतो, माणसाचा असतो.

आज १०.३.

८ डिसेंबर
चांदणं. बघणं नाही.

मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या डिसोझांनी विचारलं, तारा वाढतो तर आकडा कमी कसा होतो. म्हटलं वर्गातल्या नंबरासारखं आहे, पहिला तो हुशार, दहावा तो ढ. "आणि कार्टं का म्हणता त्याला?" म्हटलं, कारण ते आहेच पोर. मृगाच्या बाणाखाली जो पुसट डाग दिसतो तो वायूचा आणि धुळीचा ढग. त्यात तारे अजून जन्माला येतायत. हे त्यातलं एक, तांबूस, अजून आकसतंय, अजून अंगात नीट आग भरलेली नाही. म्हणून आज उजळ, उद्या मंद, काही ताळतंत्र नाही. मोठं झालं की शहाणं होईल. डिसोझा म्हणाले, किती वर्षांनी. म्हटलं, काही कोटी. तेवढ्यात घंटा झाली.

२३ डिसेंबर
१०.२. हवा स्वच्छ म्हणता येणार नाही. शेजाऱ्यांतला धाकटा निळा तर शोधावा लागला. त्या मानाने कार्टं चटकन दिसलं.

१४ जानेवारी १९५५
संक्रांत. सौ. हळदीकुंकवाला निघाली तेव्हा म्हटलं, काळी चंद्रकळा शोभते तुला. ती थांबून बघत राहिली. "अहो, ही निळी आहे. तुम्हीच तर आणलीत." खोलीत अंधार होता. तसं बोललोही. खिडकी उघडीच होती म्हणते.

तिळगूळ घ्यायला विसरलो, म्हणून परत एकदा बोलणी खाल्ली.

२० जानेवारी
१०.०.

तीनदा बघितलं. मधे डोळा मिटून शंभर मोजले, पुन्हा बघितलं. दहाच. दोन महिन्यांत चार दशांश चढलं. आणि उड्या मारत नाही, एका दिशेने चाललंय. असं या दहा वर्षांत झालं नव्हतं. कार्ट्याच्या आत काहीतरी पेटलं असेल का? भोवतालची धूळ पांगत असेल का? आपल्या डोळ्यांदेखत एखादा तारा बाळसं धरतोय असं कुणाच्या नशिबी येतं?

परतताना सुधा मागे मागे चालत होती. म्हटलं, दमलीस का. म्हणाली, "नाही." सायकल मीच हातात धरून चालवली. रस्ता नीट दिसत नव्हता.

१३ फेब्रुवारी
डोंबिवलीच्या वाचनालयात व्याख्यान. 'तारे जन्मतात कसे'. साठेक माणसं. ढग स्वतःच्याच भाराने आकसतो, त्यात गाठी होतात, गाठी तापतात, शेकडो तारे एकाच कुशीत जन्मतात. त्यातले थोराड निळे भराभर जळून संपतात. बारीक तांबूस असतात ते रांगत रांगत मोठे होतात. मग ढग विरतो, धरून ठेवायला काही उरत नाही आणि भावंडं पांगतात. कृत्तिका अजून एकत्र आहेत, त्याही सुटतील. आपला सूर्यही असाच कुठल्यातरी घोळक्यात जन्मला असेल, भावंडांचा पत्ता नाही.

मागच्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, "एवढी लेकरं एका ठिकाणी. त्यांना दृष्ट नाही लागत?" लोक हसले. मीही हसलो. पण त्याआधी मी फळ्यावर लिहीत असतानाही एकदा हसले होते, ते का ते कळलं नव्हतं. घरी आल्यावर सुधाने सांगितलं, मी आधीच्या ओळीवरच दुसरी ओळ लिहिली. म्हटलं फळा जुना होता.

२२ फेब्रुवारी
९.९. अर्धी प्रत चढलं.

विलायतेतल्या निरीक्षकांच्या मंडळाला पत्र लिहिलं. मसुदा डिसोझांनी तपासला. दहा वर्षं मी त्यांना निमूट आकडे पाठवतो, त्यांच्या छापील तक्त्यात बारीक अक्षरात शेवटी कुठेतरी माझी आद्याक्षरं येतात. या वेळी पहिल्यांदा लिहिलं की माझ्या मते हा तारा स्थिरपणे उजळतो आहे, इतरांनी लक्ष द्यावं. वसंत असता तर पत्ता त्याने लिहिला असता, त्याचं इंग्रजी अक्षर छान होतं. टायफॉइडने सतराव्या वर्षी गेला तेव्हा चौथी वही अर्धी झाली होती. उरलेली मी कशीबशी पुरी केली. पुढचा हंगाम आला तेव्हा सुधा काही न विचारता स्टुलावर येऊन बसली. तेरा-चौदा वर्षांची होती.

१८ मार्च
९.९. हंगाम संपत आला, मृग लवकर कलतो.

स्टेशनाजवळच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. आत निळसर, बाहेर तांबडं. चांगली स्पष्ट. हवेत बाष्प वाढलं असणार. सुधाला विचारलं तर तिला दिसली नाहीत. तिचं लक्षच नसतं. यापुढे तारखेनिशी नोंद ठेवावी, पाऊस कधी येणार याच्याशी संबंध लावता येईल.

२ एप्रिल
कडी दिसली. डोकं जरा जड.

९ एप्रिल
कडी. उजव्या बाजूला जास्त ठळक.

१२ जून
मिठागराच्या बांधावरून पडलो. गुडघा सोलला, बाकी काही नाही. जोमाने उचलून खोपटात आणून बसवलं. हा जोमा पंचेचाळीस वर्षं या मिठागरात आहे. दुर्बीण ठेवायला जागा दिली त्याचं कधी भाडं मागितलं नाही, उलट नळीवर गोणपाट टाकतो.

"मास्तर, रोजची वाट हाय. पाय कसा चुकला?"

म्हटलं, बांध निसरडा आहे.

"सुका हाय," जोमा म्हणाला. "माजं पन असंच झालेलं. आदी पायाखालचं जातं. मिठावर ऊन लागून आमचं डोलं जातान. तुमचं कशानं गेलं?"

राग आला. पण उद्या डॉक्टरकडे जाऊन येतो, एकदा याचं तोंड बंद होईल.

१४ जून
गावातले डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. पिकलेला नाही. पिकू द्या, मग काढता येईल. तीन महिन्यांनी दाखवायला या. आणखी काही त्रास? म्हटलं काही नाही.

सौ. रडली. म्हटलं, अर्ध्या गावाला मोतीबिंदू असतो, त्यात रडायचं काय.

२ सप्टेंबर
मंडळाचं उत्तर. सुधाने वाचून दाखवलं. सभ्यपणे लिहिलंय. इतर चार निरीक्षकांना वाढ दिसली नाही. तुलनेचे तारे तपासून पाहावेत. शक्य असल्यास दुसऱ्या एखाद्या निरीक्षकाकडून स्वतंत्रपणे आकडे घ्यावेत.

चार निरीक्षक. धुक्यात राहणारे. वर्षाला वीस रात्री त्यांना आकाश दिसतं.

सुधा म्हणाली, "अण्णा, मी बघू का? वेगळ्या वहीत लिहीन."

म्हटलं, नाही. तुला माझे आकडे पाठ आहेत, तू स्वतंत्र कशी? तिने पत्र घडी करून पाकिटात घातलं. तीन महिने होत आले, डॉक्टरकडे जायचंय. हंगामाआधी जाऊ.

१० नोव्हेंबर
दिवाळी. सुधा आकाशकंदील करत बसली आहे. जिलेटिनचे कागद पसरलेत, मला सगळे जवळजवळ एकाच रंगाचे वाटतात, संध्याकाळची वेळ. पिवळ्याचा एक चतकोर तिने कापून बाजूला ठेवला. सौ.ने विचारलं कशाला. म्हणाली, वहीत खुणेला.

डॉक्टरकडे जाणं राहिलं. दिवाळीनंतर.

१६ नोव्हेंबर
अकरावी वही. दुर्बीण आता सुधाच लावून देते. आज लावायला तिला फार वेळ लागला, स्वतःच बराच वेळ डोळा लावून उभी होती. मी ओरडल्यावर बाजूला झाली.

९.७.

मला वाटलंच होतं. पावसाळ्यात आणखी चढलंय. म्हटलं लिही. "लिहिलं," म्हणाली.

१७ नोव्हेंबर
९.७. डाग स्वतः मात्र फिका दिसतो. एके काळी त्यातले पंखासारखे फाटे दिसायचे.

१२ डिसेंबर
९.६.

सुधाचं लग्न ठरलं. डोंबिवलीचे, मुलगा तारखात्यात. वैशाखात. मुलगी बघायला आलेल्यांनी विचारलं, काय काय येतं. सुधा म्हणाली, "तारे मोजता येतात." त्यांना ती थट्टा वाटली. चांगली माणसं आहेत.

हा शेवटचा हंगाम म्हणायचा तिचा.

संध्याकाळी जोमाकडे बसलो होतो. त्याच्या डोळ्यांवर आता सायच आहे, तरी मीठ कधी ओढायचं हे अजून तोच ठरवतो. विचारलं, दिसत नाही तर ठरवतोस कसं. म्हणाला, "सून रंग सांगतं. पानी लाल झालं का सांगतं, मग मी म्हनतो वडा. लोकांना वाटतं जोमानंच बगितलं." थोडं थांबून म्हणाला, "तुमची पोरगी पन तसंच करतं नव्हं?"

म्हटलं, काय करते?

"काय नाय," म्हणाला.

२४ जानेवारी १९५६
मंडळाचं पत्र या वेळी शाळेच्या पत्त्यावर आलं. डिसोझांनी वाचलं. मी म्हटलं पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं.

'आपले नोव्हेंबर-डिसेंबरचे आकडे मिळाले. १०.४, १०.३, १०.५. ते इतर निरीक्षकांशी उत्तम जुळतात. पूर्वीच्या वाढीचे कारण आपल्याला सापडले असावे असे समजतो. ते कळवल्यास आभारी होऊ.'

या हंगामात मी एकदाही दहाच्या पुढचा आकडा सांगितलेला नाही. ९.७, ९.७, ९.६. या रोजनिशीत आहेत, मोठ्या अक्षरात, कुणीही बघावेत.

डिसोझा म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स." मी आठवीच्या वर्गावर गेलो आणि तासभर काय शिकवलं ते आठवत नाही.

२५ जानेवारी
सुधाला विचारलं. नाही म्हणाली नाही. नोव्हेंबरपासून स्वतःचे आकडे लिहीत होती. माझ्याआधी बघून घ्यायची, मी बोललो की ऐकून घ्यायची आणि आपला लिहायची.

मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. सहा-सात वर्षांत जी गोष्ट मी तिला रोज सांगितली, की बघितलं नाही ते लिहायचं नाही, तीच तिने मोडली आणि खाली माझी आद्याक्षरं घातली. लबाड हा शब्द मी तिला पहिल्यांदा वापरला.

ती रडली नाही. म्हणाली, "मग काय करायला हवं होतं? शेजारी लिहू? दादाने लिहिले तेव्हा तुम्ही काय केलंत? मी दारात उभी होते, अण्णा. खोडताना तो रडत होता आणि तुम्ही मोजत होतात, सगळे खोडले का ते."

मग म्हणाली, "म्हणून शेजारी नाही लिहिले. तुमच्याच जागी लिहिले."

२९ जानेवारी
चार दिवस बोलणं नाही. सौ. दोघांना वेगवेगळं वाढते.

४ फेब्रुवारी
सुधा समोर येऊन बसली. वहीतून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. कंदिलाच्या जिलेटिनचा चतकोर.

म्हणाली, दिवाळीत तिने याच्यातून दुर्बिणीत बघितलं. कागदाशिवाय कार्टं १०.४. हा कागद मधे धरला की निळे शेजारी मंद होतात, तांबूस कार्ट्याला फारसं काही होत नाही, आणि ते ९.९ वाटायला लागतं. दुहेरी घडी केली तर ९.७. "तुमच्या डोळ्यात हा कागद आहे, अण्णा. आत. कार्टं वाढलं नाही. शेजारी विझलेत, तेही तुमच्यापुरते."

सगळं बरोबर आहे. मी मुलांना हेच शिकवतो. मोतीबिंदू पिवळा असतो हे मला माहीत आहे, निळा प्रकाश पिवळ्यातून कमी जातो हे मला माहीत आहे. संक्रांतीची चंद्रकळा माझ्या डोळ्यांसमोर होती. वर्षभरात ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवायचं मला सुचलं नाही. सुचू दिलं नाही.

दारात उजेड होता. कागद डोळ्यापुढे धरला. काढला. पुन्हा धरला.

काही फरक पडला नाही.

५ फेब्रुवारी
सुधाशी बोललो. लबाड हा शब्द परत घेतला. असा शब्द परत घेता येतो का ते माहीत नाही. तिने चहा आणून दिला.

१५ फेब्रुवारी
मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सुधा बरोबर. गृहस्थ वयस्क, हळू बोलणारे. डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची का?"

म्हटलं, हो. गेल्या मार्चपासून.

"डोकं दुखायचं?"

म्हटलं, अधूनमधून. तारखा आहेत, लिहून ठेवलंय.

त्यांनी सुधाकडे बघितलं असावं, तिची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, मोतीबिंदू आहेच, पण तो काढता येतो. दुसरा आहे तो काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची शीर मरते. मेलेली शीर परत येत नाही. कडी दिसतात ही त्याची पहिली खूण. "तेव्हा आला असतात तर." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, मीही करायला सांगितलं नाही.

उजवा गेला. डावा किती महिने, सांगता येत नाही. मोतीबिंदू काढून डाव्याला थोडं मिळेल, कदाचित. थेंब घालायचे, पंधरा दिवसांनी परत यायचं.

सव्वीस नोंदी आहेत कड्यांच्या, आज सुधाकडून मोजून घेतल्या. हवेतील बाष्प या सदराखाली. घरी आल्यावर सौ.ला काय सांगायचं ते गाडीत ठरवलं होतं, पण तिने विचारलंच नाही. तिने माझे जोडे काढले.

२० फेब्रुवारी
आता लिहिताना पट्टी ठेवतो. ओळ सरळ राहते. जाड टाक, काळी शाई.

२६ फेब्रुवारी
मंडळाला पत्र लिहायचं. सुधा लिहितेय, मी सांगतोय. सोपं वाटलं होतं.

'गेल्या नोव्हेंबरपासूनचे आकडे माझे नसून माझी कन्या सुधा हिचे आहेत. ते ग्राह्य धरावेत. पुढेही तिच्याच नावाने नोंदावेत.' इथपर्यंत ठीक. सुधा म्हणाली, पुढे म्हणजे वैशाखापर्यंत. म्हटलं, डोंबिवलीला आकाश नाही का? ती हसली, महिनाभरात पहिल्यांदा.

मग, 'माझ्या डोळ्यांतील दोषामुळे खालील तारखेपासूनची माझी निरीक्षणे रद्द समजावीत.'

"कुठली तारीख घालू?"

अडलो. मोतीबिंदू एका रात्रीत येत नाही. १९५४ मध्ये मला वाढ दिसली, म्हणजे तोवर डोळा पिवळा झालेला होता. कधीपासून? त्रेपन्न? पन्नास? कार्टं मुळात चंचल, त्यामुळे जुन्या आकड्यांवरून काही कळत नाही. ते खरंच हललं की मी हललो? दुसरं कुणी शेजारी बघत असतं तर लगेच कळलं असतं. पण कुणी शेजारी लिहायचं नाही असा नियम होता, आणि नियम करणारा मीच.

तारखेची जागा मोकळी ठेवून पत्र तसंच ठेवलं.

५ मार्च
शाळेचा राजीनामा दिला. हेडमास्तर म्हणाले, वर्ष तरी पुरं करा. म्हटलं, मुलांच्या वह्या तपासता येत नाहीत, कसलं वर्ष.

आठवीची पोरं शांत बसली होती. एकाने विचारलं, सर, तो तारा आता कसा आहे. म्हटलं, चांगला आहे. तसाच आहे.

८ मार्च
बांधावर गेलो. सुधाने हात धरला होता. जोमा खोपटाबाहेर बसला होता, पावलं ऐकून म्हणाला, "दोगं आलाव." दुर्बीण लावून दिली. मी डावा डोळा लावला.

डाग नाही. शेजारी नाहीत. कार्टं आहे असं वाटलं, पण असं वाटण्याला काही अर्थ नाही हे आता माहीत आहे.

"अण्णा, आकडा?"

म्हटलं, नाही. तूच बघ. तिने बघितलं आणि मोठ्याने बोलली, १०.४, आणि लिहिलं. तिच्या आद्याक्षरांनी. मी स्टुलावर बसलो होतो, वसंत बसायचा तिथे.

११ मार्च
दुपारी सगळ्या वह्या खाली काढल्या. अकरा. सुधा मागून पुढे येत वाचत गेली. सहा वर्षांचे सगळे आकडे फक्त माझे, कशाशी ताडून बघणार? मग एकोणपन्नासच्या मागे गेली आणि थांबली.

"इथून दादाचं अक्षर आहे."

म्हटलं, तीही रद्द धरावीत. मला कळत नाही तर मी सही कशी करू. चार वर्षं त्याने थंडीत बसून लिहिलेली. पण तारीख द्यायची तर खरी द्यायची, नाहीतर सगळ्यांवर काट मारायची. मी तिच्या हातात लाल पेन्सिल दिली.

तिने काट मारली नाही. पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "अण्णा, खोडलेलं दिसतंय."

काय दिसतंय?

"पेन्सिल गेली आहे. पण दाबून लिहायचा ना तो. कागदावर वळ आहेत. पान तिरकं धरलं की दिसतात."

म्हणजे त्याचे आकडे आहेत. प्रत्येक आकड्याशेजारी एक. माझ्याहून वेगळा डोळा, सोळा वर्षांचा, स्वच्छ. ते माझ्या आकड्यांशी जुळले तर निदान ती चार वर्षं खरी. नाही जुळले तर तेव्हाच माझा डोळा गेला होता, पोरगा बरोबर होता, आणि मी त्याला समोर बसवून खोडायला लावलं.

सुधा खिडकीशी जाऊन बसली. पान उजेडात तिरकं धरून वाचायला लागली. पहिली ओळ, ३ डिसेंबर १९४८. "तुमचा १०.३. दादाचा... एक, शून्य, आणि मग..." थांबली. "तीन आहे की आठ, कळत नाही. खूप घासलंय."

मी हात पुढे केला. तिने माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. खळगे लागतात. एक लागतो, शून्य लागतो, पुढे कागद पातळ झाला आहे. मघापासून तिथेच बोट फिरवतोय. एकदा तीन वाटतो, एकदा आठ.